ड्रायव्हरसकट विमान

गेटवरच्या पाटीवर तृप्ती कॅप्टन होऊन बरीच वर्षं झाली होती. कंपनीत ती अजून झाली नव्हती.

पाटी लोटूभाऊंनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, तिला नोकरी लागली त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरहून रंगवून आणली होती. निळ्यावर पिवळी अक्षरं, ‘कॅप्टन तृप्ती’, आणि कोपऱ्यात एक विमान, ज्याचे पंख पेंटरनं कावळ्यासारखे काढले होते. तृप्तीनं तेव्हाच सांगून पाहिलं होतं, की मी उजव्या खुर्चीत बसणारी को-पायलट; कॅप्टन डावीकडे बसतो, त्याच्या खांद्यावर चार पट्ट्या असतात, माझ्या तीनच आहेत. लोटूभाऊंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि खिळा ठोकला.

"आज ना उद्या होशीनच न व. मंग पाटी काय दोनदा रंगवू?"

फोपनार गावाचं म्हणणंही तेच. विमानात बसणारे, विमानात चहा देणारी आणि कॅप्टन, याच्यापलीकडे चौथं माणूस गावाला ठाऊक नव्हतं. मुलीनं विमान चालवलं की ती कॅप्टन, विषय संपला. त्यामुळे सुटीवर आली की तृप्ती गेटमधून मान खाली घालूनच शिरे. लोकांना वाटे, पोरगी किती नम्र.

या वेळची सुटी तर तिनं मागितलेलीच नव्हती. ऐन वैशाखात कंपनीनं सांगितलं, घरी जाऊन या, सध्या तुमच्यासाठी उड्डाणं नाहीत. उड्डाणं होती, भरपूर होती. फक्त ती आता दुसरे लोक करत होते. कंपनीनं एका परदेशी कंपनीशी हातमिळवणी केली होती, तिच्याकडून विमानं भाड्यानं घेतली होती, आणि त्या विमानांबरोबर त्यांचे पायलटही आले होते. घरी येऊन काही दिवस झाले तरी तृप्ती एका जागी बसेना. अंगणातून परसात, परसातून अंगणात. कुत्र्यानंही तिच्यामागे फिरणं सोडून दिलं.

"बस न जराशी," तिची आई रंभाबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "तुह्याकडे पाहून माहेच पाय दुखून राह्यले."

तृप्ती ओट्यावर बसली. लोटूभाऊ समोर जेवत होते. त्यांनी विचारलं, हे भाड्याच्या विमानाचं नेमकं काय आहे ते एकदा नीट सांग, शाहपूरच्या बाजारात लोक विचारतात.

"म्हणजे इमान आपलं नई?"

"नई."

"चालवणारा?"

"तोबी त्यायचाच."

"अन तिकीट?"

"तिकिटावर नाव आपलं."

लोटूभाऊंनी ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीचा तुकडा मोडला, ठेच्यात बुडवला आणि विचार केला. "मतलब ड्रायव्हरसकट ट्रॅक्टर लावल्यासारखं. मंग बरंच हाय की. टायर फुटलं त त्याचं."

"अन घरचा ड्रायव्हर, अप्पा?"

"तो बसंल ओट्यावर," लोटूभाऊ म्हणाले. मग ओट्यावर कोण बसलंय ते त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

तेवढ्यात तृप्तीचा फोन वाजला. घरात आवाज तुटायचा, म्हणून ती धावत विहिरीवरच्या पंपाच्या खोलीपाशी गेली. तिथं उभं राहिलं की पलीकडचा माणूस स्पष्ट ऐकू येई.

पलीकडे प्राजक्ता मॅडम होत्या, पायलटांचं प्रशिक्षण बघणाऱ्या. आवाज नेहमीसारखा साखरेत घोळलेला.

"तृप्ती, एक चांगली बातमी आहे. कॅप्टनच्या ट्रेनिंगची एक जागा निघतेय. तुझं नाव मी पुढे केलंय."

तृप्तीनं पंपाच्या खोलीच्या भिंतीला हात टेकला. पायलटाचं सगळं आयुष्य एका नंबरावर चालतं. जो आधी लागला त्याचा नंबर आधी. त्याच क्रमानं माणूस उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत सरकतो. तिचा नंबर अगदी जवळ आला होता, आणि भाड्याची विमानं आली तशी रांग जागच्या जागी गोठली. ज्या विमानांत कॅप्टन आधीच बसून येतात त्यांना नवे कॅप्टन कशाला लागतील?

"अट काही आहे का, मॅडम?"

"अट कसली गं. पावसाळा संपेपर्यंत तू त्यांच्या क्रूबरोबर जायचंस. कॉकपिटमधल्या मागच्या घडीच्या खुर्चीत बसायचं आणि त्यांना आपले विमानतळ दाखवायचे. पावसात कुठं वारा कसा फिरतो, कुठल्या धावपट्टीवर पाणी साचतं, आपले कंट्रोलवाले घाईत कसं बोलतात. त्यांना बिचाऱ्यांना काही कळत नाही. ते तयार झाले की तू थेट ट्रेनिंगला."

"आणि मग ते जाणार?"

"ही तात्पुरती व्यवस्था आहे गं. पुढचं पुढे पाहू. उद्या संध्याकाळपर्यंत कळव, नाहीतर मला दुसरं नाव द्यावं लागेल."

फोन बंद झाल्यावर तृप्ती विहिरीभोवती फिरत राहिली. गेल्या महिन्यात पायलटांच्या संघटनेची सभा झाली होती आणि त्यात ठरलं होतं की भाड्याच्या क्रूला शिकवायला कुणीही जायचं नाही. एकदा का ते इथला पावसाळा शिकले की भाडं तात्पुरतं राहणार नाही. तृप्तीनंही हात वर केला होता, चांगला कोपरापासून सरळ. पण तेव्हा तिला कुणी डावी खुर्ची देऊ केली नव्हती. हवेत हात वर करायला काय जातं, असं आता तिला वाटलं आणि त्या वाटण्याचाच तिला राग आला.

दुपारी रंभाबाईनं तिला बऱ्हाणपूरच्या शनवारा बाजारात पिटाळलं. दुसऱ्या दिवशी केळीची कटाई होती, आणि कटाईनंतर केळी कापणाऱ्या कडूच्या टोळीला दराबा द्यायची या घरची जुनी रीत. शनवाऱ्याच्या एका ठरावीक दुकानाचाच दराबा लागे, रवा, साखर आणि तूप फेटून फेटून पांढरा केलेला. लोटूभाऊ खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "जरासा जास्तच आनजो."

"काहून?" रंभाबाईनं विचारलं.

"लोक जास्त हायेत उद्या," एवढं बोलून त्यांनी कूस बदलली.

तृप्तीनं स्कूटी काढली. शाहपूर मागे पडेपर्यंत ती हो म्हणून मोकळी झाली होती. पुढच्या चढावर तिनं नाही म्हटलं. बऱ्हाणपूर येईपर्यंत हो आणि नाही इतक्या वेळा झालं की तिचं डोकं भणभणायला लागलं. आयुष्यभर उजव्या खुर्चीत बसायचं का? ज्या बापानं कापसाचं वावर विकून शिकवलं त्यानं त्या पाटीकडे किती वर्षं बघायचं? दुसरा कुणीतरी जाणारच आहे, मग मी का नको? शनवारा गेटपाशी रिक्षा, हातगाड्या आणि एक उंटगाडी यांची अशी गाठ पडली होती की स्कूटी बंद करून उभं राहावं लागलं. तिथंच भूपेंद्रचा फोन आला. भूपेंद्र सीनियर कॅप्टन, संघटनेचा सचिव.

"तुला फोन आला असेल," तो म्हणाला.

"आला. तुम्हाला कसं कळलं?"

"ज्यांचे नंबर अगदी जवळ आलेत, त्यांनाच येतायत. लांबच्यांना कोण विचारतं."

"मी हो म्हटलं तर?"

मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात ठेवला तो उचलेचना.

"हो म्हटलंस तर कुणी काही करणार नाही, तृप्ती. मी तर मुळीच नाही. मी डाव्या खुर्चीत बसून तुला शहाणपण शिकवणं सोपं आहे, ते मला कळतं. तू ठरव."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. असा समजूतदार माणूस म्हणजे डोक्याला ताप. तृप्तीनं दराबा घेतला, मावा जिलेबी घ्यायची ठरवून विसरली आणि आली तशी परत फिरली. त्या दिवशी ती कुणाशी धड बोलली नाही.

सकाळी बागेत पोचली तेव्हा कडूकाका आधीच आलेले होते. कडू हा टोळीचा मुकादम. तो आणि लोटूभाऊ बरोबरीचे, तापीत एकत्र पोहायला शिकलेले. दोघांचीही नावं आईबापांनी दृष्ट लागू नये म्हणून अशी टाकाऊ ठेवलेली. लोटूभाऊंची केळी कडूच्या टोळीशिवाय दुसऱ्या कुणी कापल्याचं तृप्तीनं पाहिलं नव्हतं. त्याच्या सदऱ्यावर केळीच्या चिकाचे तपकिरी डाग इतके होते की मूळ रंग कोणता ते विचारण्यात अर्थ नव्हता. उपरण्याच्या टोकाला नारळ बांधलेला. पहिल्या घडाला विळा लावण्याआधी मुकादमानं नारळ फोडायचा आणि तो पहिला घड मारुतीला जायचा, ही इथली पद्धत.

पण त्याच्याबरोबर माणसं तीन-चारच होती.

"टोळी कुठे, काका?" तृप्तीनं विचारलं.

"लोटूभाऊ म्हणे, थोडेच या. कंपनीचे पोरं येऊन राह्यले."

कंपनीची पोरं आली. एका गाडीतून पंधरा-वीस जण उतरले, सगळ्यांच्या डोक्यावर निळ्या टोप्या, हातात रबरी मोजे. केळी यंदा परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीनं घेतली होती, आणि कंपनीचा माल कंपनीच्या माणसांनीच कापायचा असा तिचा नियम. त्यांच्याबरोबर अजय नावाचा इंदूरचा एक तरुण अधिकारी होता. बूट स्वच्छ, बोलणं गोड.

कडू विहिरीजवळच्या पहिल्या झाडापाशी गेला आणि उपरण्याची गाठ सोडायला लागला.

"काका, वो बाद में," अजय म्हणाला. "ठंडी गाड़ी आ रही है, टाइम पे भरनी है."

कडूनं लोटूभाऊंकडे पाहिलं. लोटूभाऊ खाली वाकून ठिबकची नळी बघत होते, जिला काहीही झालेलं नव्हतं. कडूनं गाठ पुन्हा बांधली.

आणि मग त्यानं पाहुण्यांना घर दाखवावं तशी बाग दाखवायला सुरुवात केली. घरून किटलीभर चहा आणला होता तो आधी पोरांना पाजला. इकडची झाडं तापीकडच्या वाऱ्यानं कलली आहेत, तेव्हा या अंगानं उभं राहून कापा, नाहीतर घड भुईवर आपटेल. नाल्याकडची माती भुसभुशीत आहे, तिकडे गाडी घालू नका. "हां बेटा, असाच खांद्यावर घे. शाबास." पोरं हुशार होती, एकदा सांगितलं की लगेच उचलत होती. एकानं पहिल्याच खेपेला घड असा अलगद झेलला की कडूनं त्याची पाठ थोपटली. तो मनापासून खूश होता. चांगलं काम शिकणारं पोर दिसलं की खूश होणारी माणसं असतात, त्यातला तो.

तृप्ती बांधावर उभी राहून बघत होती. हे तिनं कुठंतरी पाहिलं होतं. नाही, पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं, कालच, पंपाच्या खोलीपाशी.

थोड्या वेळानं कडू घाम पुसत तिच्याजवळ आला.

"बाई, तू त्या साहेबासंगं बोल न. तू शिकेल हायस. पुढच्या कटाईले आमची पुरी टोळी बोलावतीन न? लोटूभाऊ त हो म्हणते, पन म्हणतानी मोऱ्हे पाह्यत नई."

तृप्ती अजयकडे गेली. तो पपईच्या सावलीत उभा राहून फोनवर गाडीची चौकशी करत होता. तिनं विचारलं.

"नहीं मॅडम, अगली बार से हमारी टीम ही आएगी," तो मोकळेपणानं म्हणाला. "आज बस खेत समझ लेना था. लेकिन काका को अभी मत बोलिए, नहीं तो बीच में काम छोड़ देंगे. बोल दीजिए टेंपररी है, आगे देखेंगे." मग आपल्याच पंगतीतल्या माणसाशी बोलावं तसं हसून म्हणाला, "आप तो प्रोफेशनल हैं, समझती हैं."

तृप्ती परत आली. कडू वाट बघत होता. काय बोलायचं ते तिनं ठरवलेलं नव्हतं, पण तोंड उघडलं आणि शब्द आपोआप आले, तयार ठेवल्यासारखे.

"सध्यापुरतं हाय म्हणते, काका. पुढचं पुढे पाहू म्हणते."

"पाहू म्हणे न?" कडूचा चेहरा उजळला. "मंग झालं." आणि तो पोरांना दुसरी ओळ दाखवायला निघून गेला.

तृप्ती तिथं उभी राहू शकली नाही. ती तरातरा नाल्यापर्यंत चालत गेली. ऊन मी म्हणत होतं. प्राजक्ता मॅडमचा आवाज, तो साखरेत घोळलेला, आपल्याच गळ्यातून निघाला हे तिला सहन होईना. म्हणजे हे इतकं सोपं असतं! सांगणारीला काही लागत नाही, ऐकणाराही आनंदानं जातो, आणि काम होऊन जातं. तिला स्वतःची शरम वाटली, नुसती नाही, कानशिलं तापेपर्यंत वाटली. नाल्यापाशी पाणीही नव्हतं तोंडावर मारायला. ती वळली आणि आली त्याच्या दुप्पट वेगानं परत गेली.

"काका, मी खोटं बोलली."

कडूनं हातातला विळा खाली केला.

"पुढच्या कटाईले तुम्हाले बोलावणार नईत. ह्याच पोरायले आननार. आता नेहमीच."

कडूला समजायला वेळ लागला. जवळच एक पोर घड खांद्यावर घेत होतं, त्यानं शिकवलं होतं तसंच, डावा पाय पुढे टाकून.

"मंग मले कशाले बोलावलं?"

"त्यायले वावर दाखवाले."

"लोटूभाऊले ठाव हाय?"

तृप्तीनं नजर खाली वळवली. कडूनं तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. त्यानं उपरण्यानं मान पुसली, उगाच दोनदा पुसली.

"बरं," तो म्हणाला. "आजचा दिवस बोललो हाय. तेवढा करतो."

तो खरंच करायला लागला. पण आता तो कुणाला बेटा म्हणत नव्हता. पोरं विचारत, काका, इधर से? तो नुसता हात दाखवी. तेवढ्यावरून लोटूभाऊंना लांबूनच कळलं. ते ताडताड बांधावर आले.

"काय सांगितलं तू त्याले?"

"खरं सांगितलं."

"काय गरज होती? संध्याकाळी मी बोललो असतो त्याच्यासंगं, माह्या पद्धतीनं. लहानपनापासूनचा माणूस हाय माहा तो, तुह्यापेक्षा मले जास्त लागते." त्यांचा आवाज चिरकला. "कंपनी म्हणे आमचीच टोळी, नई त माल घेत नई. मी काय करू? बाग उभी जाळू?"

"नका जाळू. पन त्याच्याच हातानं त्याले काढता, अप्पा. वरून चहा बी त्याचाच."

"हां, मले शिकव आता. मोठी आली. तुह्या कंपनीत जाऊन सांग न हे. तिथं तोंड उघडत नई, इथं बापाच्या वावरात येऊन..."

"सांगतेच," तृप्ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मुदत होती. तिनं तिथंच, बांधावर, बापासमोर फोन लावला. बागेत आवाज तुटेल अशी तिला अंधुक आशा होती, पण प्राजक्ता मॅडम खणखणीत ऐकू आल्या.

"मॅडम, मी येत नाही."

"नीट विचार केलास? जागा लगेच दुसऱ्याला जाईल."

"हो."

"तृप्ती, कुणीतरी हो म्हणणारच आहे. त्यांना शिकवणारं कुणीतरी मिळणारच. मग तुझ्या नाहीचा उपयोग काय?"

कालपासून तृप्ती हेच स्वतःला विचारत होती.

"उपयोग माहीत नाही, मॅडम. दाखवणारी मी नको, एवढंच."

"पुढची जागा कधी निघेल ते मी सांगू शकत नाही. निघेल की नाही हेही."

"मला कल्पना आहे."

तिनं फोन ठेवला. किती वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते तिनं दोन वाक्यांत टाकून दिलं होतं, आणि छातीवरचं ओझं वगैरे काही हलकं झालं नाही. उलट, आत्ता परत फोन करून हो म्हणावं, असं तिला एकदा वाटूनही गेलं.

लोटूभाऊ बघत होते. "काय होतं ते?"

"कॅप्टनची जागा देत होते. भाड्याच्या पायलटायले आपले विमानतळ दाखवले असते त."

लोटूभाऊंचा राग उतरला. तो उतरताना चेहऱ्यावर काहीच शिल्लक ठेवून गेला नाही. ते बांधावर टेकले. बोलण्यासाठी तोंड उघडलं, पण तेवढ्यात अजयनं लांबून हाक मारली, भैया, गाड़ी आ गई, आणि ते गुडघ्यावर हात ठेवून उठले आणि गेले.

दिवस उतरताना गाडी भरून गेली. दराबा जसा आणला तसा घरीच राहिला. कंपनीची पोरं घाईत गेली आणि कडूच्या माणसांनी नको म्हटलं. लोटूभाऊ घरी आले ते गेटपाशीच थांबले. बराच वेळ पाटीकडे बघत राहिले, मग अंगणात येरझाऱ्या घालणाऱ्या तृप्तीला म्हणाले, "उतरवू का व ही?"

टोमणा असता तर तिनं परतवला असता. ते अगदी खरोखर विचारत होते, शिडी कुठं आहे ते डोळ्यांनी शोधत.

"राहू द्या, अप्पा."

तेवढ्यात रस्त्यानं कडू आला. त्याला पाहताच लोटूभाऊ गोठ्याकडे निघून गेले. तिथं त्या वेळी काही काम नव्हतं. कडू गेटच्या बाहेरच उभा राहिला. त्यानं उपरण्याची गाठ सोडली आणि नारळ काढला.

"हा बागेत फुटला नई. घरी वापस नेला त घरचे इचारतीन, काहून आनला. तू ठेव, बाई. कॅप्टन होशीन तवा फोडजो, इमानाच्या मोऱ्हे."

त्याला पाटी वाचता येत नव्हती, पण ती कॅप्टन व्हायची आहे, झालेली नाही, हे गावात त्याला एकट्याला नेमकं लक्षात होतं. तिनं कधीतरी लहानशी तक्रार केली असेल, ती त्यानं ठेवून दिली होती.

"काका, मी एवढ्यात नई होत. आजच नई म्हणली."

"काहून?"

"बाहेरच्या पायलटायले दाखवाले सांगत होते. सगळं. जसं तुमच्याकडून आज..."

नारळ पुढे केलेला हात कडूनं मागे घेतला नाही.

"मंग तर ठेवच."

"किती दिवस ठेवू?" तृप्ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "वाळला त विमानात नेता येत नई, काका. सुक्या खोबऱ्यात तेल असते, पेट घेते म्हणून मनाई हाय."

कडूनं यावर खराखुरा विचार केला. मग नारळ तिच्या हातात दिला.

"मंग वाळाच्या आंधी होय," तो म्हणाला आणि गेला.

दोन दिवसांनी सुटी संपली आणि तृप्ती मुंबईला कामावर परतली. नारळ घरीच राहिला, पाण्याच्या माठाशेजारी. त्या आठवड्यातच भूपेंद्रनं कळवलं की तिच्या खालच्या नंबरच्या एकानं हो म्हटलं आणि तो गेलाही. भाड्याची आणखी विमानं यायची आहेत, असंही बोललं जात होतं. तृप्ती उजव्या खुर्चीत बसून मिळतील ती उड्डाणं करत होती आणि उतरली की खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत होती.

दर रविवारी ती घरी फोन करी. लोटूभाऊ आधी बागेचं सांगत, हवेचं सांगत. कॅप्टनचं विचारत नसत, आणि पुढच्या कटाईला कोण येणार हे तीही विचारत नसे.

"कडूकाका येतात का?" एकदा तिनं विचारलं.

"येतो न. आंधी नई यायचा. आता येतो, बसतो गेटपाशी. आतमंधी नई येत." लोटूभाऊ थांबले. "मले म्हणे, तो नारळ बाहेर आन. मंग दोघंबी कानाले लावून पाह्यतो, हलवून."

तृप्ती चालता चालता थांबली.

"पानी हाय अजून," लोटूभाऊ म्हणाले.